ढगाळ सकाळी लागलेलं ऊन: पूर्व नागपुरातल्या मैदानावरचं एक प्रकरण

त्या सकाळी ऊन नव्हतंच. जूनचा दुसरा आठवडा होता, आदल्या रात्री पावसाचा शिडकावा झाला होता आणि आभाळ भरून आलं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून दहा दिवस झाले होते. मे महिन्यात ४५ अंशांच्या दिवसांत आम्ही पोरांना नीट सांभाळलं होतं, त्यामुळे धोक्याचे दिवस सरले अशी मैदानावर सगळ्यांची समजूत होती. माझीही होती. सहा वाजून बावन्न मिनिटांनी वीस वर्षांचा एक मुलगा धावता धावता गुडघ्यांवर आला आणि मग तोंडावर पडला. त्याच्या शरीराचं आतलं तापमान ४१.४ अंश सेल्सिअस निघालं.

तो वाचला, म्हणूनच हे लिहिता येतंय. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. त्या तीन-चार महिन्यांत आमच्याकडून काय बरोबर झालं आणि काय चुकलं ते मात्र जसंच्या तसं ठेवलंय. मैदानावर नेमणूक झालेल्या, होऊ घातलेल्या किंवा नुसत्या हौसेनं जाणाऱ्या फिजिओंनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मैदान आणि माणसं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी माझा दवाखाना असतो आणि आठवड्यातून तीन सकाळी मी या मैदानावर असते. इथे चाळीसेक मुलंमुली येतात. काही खरे अ‍ॅथलीट आहेत, ८०० आणि १५०० मीटरवाले. बाकीचे पोलीस भरतीचे. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. एकूण ५० गुण, त्यातले २० या लांब धावेचे. काटोल, उमरेड, कुहीकडची पोरं नंदनवनच्या बाजूला चौघांत एक खोली करून राहतात आणि या २० गुणांसाठी पहाटे साडेपाचला हजर होतात. कुणी रात्री केटररकडे वाढपी म्हणून जातो, कुणी डिलिव्हरी करतो. झोप किती झाली हे विचारलं की हसतात.

मैदान चालवतात ते सर. साठीला आलेत, स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू होते, आणि तीस वर्षं एक रुपया न घेता पोरं घडवतायत. ते ज्या काळात धावले त्या काळात धावताना पाणी पिणं हा कमकुवतपणा समजला जायचा. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्यांच्या शिस्तीमुळेच ही पोरं इथे टिकतात.

मी मैदानावर आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मालिश आणि स्प्रेची सोय झाली. आमच्या पिढीच्या डोक्यात मैदानावरचा फिजिओ म्हणजे टीव्हीवर बॅग घेऊन पिचकडे धावत जाणारे भारतीय क्रिकेट संघाचे डॉ. अली इराणी, हेच चित्र होतं. माणूस पडल्यावर जायचं, गार स्प्रे मारायचा, टेप लावायची आणि बाहेर यायचं. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर आज संघाबरोबर फिजिओ वेगळा असतो, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगवाला वेगळा, मालिशवाला वेगळा. आमच्यासारख्या मैदानावर हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, आणि बहुतेक ठिकाणी तो एक माणूसही नसतो.

अमेरिकेत या कामाला स्वतंत्र पेशा म्हणून उभं राहायला बराच वेळ लागला. तिथली नॅशनल अ‍ॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन १९५० साली सुरू झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या कामाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली ती १९९० मध्ये. आता तिथे या पेशात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते. नाव 'ट्रेनर' असलं तरी त्यांचा जिममधल्या ट्रेनरशी संबंध नाही. दुखापत होऊ नये म्हणून आधीची तयारी, मैदानावरचं निदान, जिवावरच्या प्रसंगात पहिली दहा मिनिटं, नंतरचं पुनर्वसन आणि सगळ्याची नोंद, हे त्यांचं काम. आपल्याकडे या नावाचा वेगळा अभ्यासक्रम रुजलेला नाही. म्हणून हे काम फिजिओनं शिकून घ्यावं लागतं. मी ते एका वाईट दिवसानंतर शिकले.

त्याआधीचा एक दिवस

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मैदानावर, मे महिन्यातल्या एका शर्यतीत मी मदतनीस म्हणून उभी होते. हातात स्प्रे आणि क्रेप बँडेज. एक मुलगा शेवटच्या वळणावर कोसळला. आम्ही त्याच्या डोक्यावर दोन बाटल्या पाणी ओतलं, कुणी कांदा हुंगायला दिला, कुणी बेशुद्ध तोंडात इलेक्ट्रॉल घालायला निघालं. मग ऑटो शोधला. ऑटोत मी त्याच्या शेजारी बसले होते. अंग इतकं तापलेलं की हात ठेववत नव्हता, आणि मी रस्ताभर वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत होते. दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगा जगला, पण स्नायू इतके तुटले होते की किडनीवर ताण आला, काही वेळा डायलिसिस करावं लागलं. तो पुन्हा धावला नाही.

आपण दवाखान्यात वेळेत नेलं नाही, असं मी किती तरी दिवस स्वतःला सांगत होते. वाचत गेले तेव्हा कळलं की चूक त्याहून आधीची होती. परिश्रमामुळे येणाऱ्या उष्माघातात आधी थंड करायचं आणि मग न्यायचं. शरीर ४० अंशांच्या वर जितकी मिनिटं राहील तितकं नुकसान वाढत जातं. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आलं तर माणूस बहुधा सहीसलामत राहतो. अमेरिकेतल्या फाल्मथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत अशा २७४ धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केलं गेलं आणि सगळे वाचले. ही ओळ वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्तमानपत्रानं वारा घालत होते मी.

दुसरी घटना २०१८ सालची आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा, अमेरिकन फुटबॉल खेळणारा जॉर्डन मॅकनेअर मे महिन्यातल्या सरावात कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. १९ वर्षांचा होता. तिथे पदवीधर ट्रेनर होते, सामग्री होती, पैसा होता. तरी त्याचं आतलं तापमान घेतलं गेलं नाही, त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलं नाही, आणि रुग्णवाहिका बोलवायलाच तासाच्या आसपास वेळ गेला. नंतर विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. एवढ्या मोठ्या अंगाचा खेळाडू टबात सांभाळता येणार नाही, बुडेल, ही भीती आड आली होती. मी पाच फूट एक इंच आहे. मला ती भीती अगदी कळते.

ताडपत्री

त्या भीतीवर ताडपत्रीचा उपाय आहे. टबाऐवजी जाड ताडपत्रीच्या मध्यभागी खेळाडूला झोपवायचं, सहा-सात जणांनी कडा उचलून धरायच्या, म्हणजे आपोआप हौद तयार होतो. त्यात पाणी आणि बर्फ ओतून ते सतत हलवत राहायचं. एक जण फक्त डोकं धरतो. टबाइतकं वेगानं नाही, तरी मिनिटाला ०.१७ अंशांच्या आसपास तापमान उतरतं. ताडपत्री नागपुरात कुठेही मिळते. मी इतवारीतून आणली. बर्फाची अर्धी लादी रोज आळीपाळीनं दोन पोरं सायकलवर पोत्यात आणत आणि थर्माकोलच्या खोक्यात ठेवत. वापरावी लागली नाही की दुखऱ्या पोटऱ्यांसाठी उपयोगी पडत असे.

थर्मामीटरचं अवघड होतं. काखेत, कपाळावर, तोंडात घेतलेलं तापमान अशा वेळी फसवतं. घामानं आणि वाऱ्यानं ते दोन-तीन अंश कमी दिसू शकतं. खरं तापमान गुदद्वारातूनच कळतं. बारीक लवचिक तारेचा, आत राहू शकणारा थर्मामीटर मी आणला आणि एप्रिलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून स्पष्ट सांगितलं की असा प्रसंग आला तर हे करावं लागेल, का करावं लागेल, आणि त्या वेळी दोन ओढण्यांचा आडोसा कसा धरायचा. सतरा वर्षांच्या मुलांसमोर एका बाईनं हे बोलणं सोपं नव्हतं. एकदा बोलून झाल्यावर मात्र कुणी हसलं नाही. सज्ञान मुलांनी स्वतः सही केली, लहानांच्या घरच्यांना फोन केले. मग ताडपत्रीची रंगीत तालीम झाली, तीनदा. पहिल्या वेळी हौद फुटून पाणी सगळं सरांच्या बुटांवर गेलं. तिसऱ्या वेळी मुलाला आत घ्यायला अडीच मिनिटं लागली.

अधिकार कुठून येतो

या सगळ्या तयारीपेक्षा अवघड होती एक गोष्ट: धाव थांबवायचा अधिकार. मैदानावर शब्द सरांचा. फिजिओ म्हणणार थांब आणि सर म्हणणार पुरे कर, तर पोरगा कुणाचं ऐकेल हे सांगायला नको.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांत हा प्रश्न नियमानं सोडवायचा प्रयत्न झाला. खेळाडू खेळेल की नाही हा वैद्यकीय निर्णय प्रशिक्षकाच्या हाताबाहेर ठेवायचा, असा तो नियम. आमच्या मैदानाला नियमावली नाही, पगार देणारी संस्था नाही, माझं मानधन जुने खेळाडू वर्गणी काढून देतात. इथे कागदावर लिहून काही होणार नव्हतं.

ते झालं ते वेगळ्याच वाटेनं. जानेवारीत एका मुलीची नडगी दुखत होती. सरांनी गृहीत धरलं की मी तिला महिनाभर बसवून ठेवणार. आधीच्या एका डॉक्टरांनी तसंच केलं होतं आणि ती आतून खचली होती. मी तपासलं. हाडाच्या एका बिंदूवर दुखत नव्हतं, एका पायावर उड्या मारताना त्रास नव्हता, दुखणं नडगीच्या लांबीभर पसरलेलं होतं. मी म्हटलं, ही उद्यापासून धावेल. मातीवर, निम्मं अंतर, आणि रोज पोटरीचे व्यायाम करून. सर माझ्याकडे पाहतच राहिले. तीन आठवड्यांनी ती पूर्ण अंतर धावत होती. त्यानंतर एका मुलाचा घोटा मुरगळला, त्यालाही मी चौथ्या दिवशी चालायला लावलं. मार्चपर्यंत सर स्वतः पोरांना म्हणायला लागले, "मॅडमले दाखव आधी, त्या उगाच नाही बसवत."

मला वाटतं, या पेशात हेच सगळ्यात कमी शिकवलं जातं. जो उठसूट आराम सांगतो त्याच्या 'थांब'ला मैदानावर किंमत राहत नाही. मी 'धाव' म्हणते तेव्हा पोरगं धावू शकतं, हे सरांनी दहा वेळा पाहिलं, म्हणूनच अकराव्या वेळी ते माझं 'थांब' ऐकणार होते. एप्रिलमधल्या त्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की धाव थांबवण्याबाबत मॅडम जे म्हणतील ते माझंच म्हणणं समजा.

तरीही त्या सकाळी चार मिनिटं गेली.

ती सकाळ

मुलगा साडेपाचला आला. लग्नासाठी गावी जाऊन बारा दिवसांनी परतलेला, आणि हा त्याचा सरावाचा तिसरा दिवस. सराव असा: तीन किलोमीटर हलकी धाव, मग १६०० मीटर वेळ लावून, पंधरा मिनिटं विसावा, पुन्हा १६०० मीटर. त्याला पहिल्या वेळी नेहमीपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागला. सरांना तो लग्नात खाऊन सुस्तावलाय असं वाटलं. ते त्याला बोलले.

तापमान त्या वेळी तिशीच्या आसपास असेल. पण हवा दमट होती, पान हलत नव्हतं. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो, आणि पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिक वाढवतो. अंगाचंही तेच. घाम वाळला तरच गारवा येतो. हवेत आधीच ओल असेल तर घाम नुसता गळतो आणि आतली उष्णता आतच राहते. धावणाऱ्याचे स्नायू तर चुलीसारखे पेटलेले असतात. आपण 'ऊन लागलं' म्हणतो त्या शब्दामुळेच फसगत होते, कारण यात ऊन लागतंच असं नाही.

सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एका मुलीचा गुडघा पाहत होते. सर त्याच्यावर ओरडले, "दोनच चक्कर राहिले बे, पाय उचल." तो धावता धावताच म्हणाला, "तुम्हीच धावा ना मंग."

हे ऐकलं आमच्या ८०० मीटरवाल्या मुलीनं, जी मुलींची कप्तान आहे. ती माझ्याकडे पळत आली. "मॅडम, तो सरांले उलटून बोलला. तो तसा नाही. आन् पाय पाहा त्याचे, आडवेतिडवे पडून रायले."

ती घाबरल्यासारखी का बोलली ते मला माहीत होतं, कारण ते मीच शिकवलेलं. मेंदू तापला की माणूस आधी पडत नाही. तो चिडतो, विचित्र बोलतो, सरळ रेषेत धावू शकत नाही, आणि स्वतः मात्र म्हणतो मी ठीक आहे. एखाद्याचा स्वभाव बदललेला दिसला तर मला सांगा, असं मी पोरांना महिनाभर घोकवून घेतलं होतं. सरांच्या कानाला तो उद्धटपणा वाटला. तिच्या कानाला ती खूण वाटली.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, याला थांबवा. सर म्हणाले, "आभाळ भरलंय मॅडम, ऊन कुठाय? एक चक्कर राहिलं." मी समजावू लागले. इथेच माझी चूक झाली. मी वाद घालत उभी राहिले आणि तो वळणापर्यंत गेला. ट्रॅकवर उतरून त्याचा हात धरायला हवा होता, बोलणं नंतर झालं असतं. तो पडला तेव्हा सरांचं वाक्य अर्धवट राहिलं.

पुढचं वेळेनुसार सांगते, कारण माझ्या चिठ्ठीवर तसंच आहे.

६:५२ ला पडला. मी आधी श्वास आणि नाडी पाहिली. अचानक कोसळलेल्या खेळाडूत पहिला प्रश्न हृदयाचा असतो. नाडी होती, फार वेगवान होती. श्वास चालू. हाक मारल्यावर डोळे उघडले पण कुठे आहोत हे कळत नव्हतं. अंग घामानं निथळत होतं. एक मुलगा म्हणाला, घाम येऊन रायला म्हणजे ऊन नाही लागलं. हा समज घातक आहे. धावताना आलेल्या उष्माघातात कातडी बहुतेक वेळा ओलीच असते.

६:५३ ला एका मुलानं १०८ ला फोन लावला. तीन वाक्यं आधीच फळ्यावर लिहून ठेवली होती: कुठे, काय झालंय, कोणत्या गेटनं यायचं. दुसरा मुलगा गेटवर उभा राहायला पळाला.

६:५४ ला आडोसा धरून तापमान घेतलं. ४१.४. आकडा दिसला आणि माझे हात थरथरायचे थांबले. आता शंका नव्हती.

६:५६ ला तो ताडपत्रीत. बूट, बनियन काढलेले. कडा सात जणांच्या हातात, डोकं सरांच्या हातात. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते स्वतःच गुडघ्यांवर बसले. ट्रॅकवर पाणी मारायच्या टाकीतून बादल्या आल्या. आणि मग खोकं उघडलं तर बर्फ निम्माच. आभाळ आलंय म्हणून पोरांनी त्या दिवशी पाव लादीच आणली होती. समोरच्या दूध डेअरीवाल्या काकांनी काही न विचारता त्यांच्या पेटीतला सगळा बर्फ दिला. त्यात तीन मिनिटं गेली, तोपर्यंत नळाच्या पाण्यावरच भागवलं.

तोंडात काही घालू दिलं नाही. शुद्ध पूर्ण नसताना पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. कांदा आणायला निघालेल्याला पाणी हलवायला लावलं. आमच्या आजी उन्हात निघताना खिशात कांदा घालायच्या आणि त्या मायेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या क्षणी प्रत्येक हात पाण्यात हवा होता. कुणी क्रोसिन आहे का विचारलं. या तापावर ती गोळी चालत नाही. हा जंतूंमुळे आलेला ताप नसतो, साठलेली उष्णता असते.

७:०९ ला रुग्णवाहिका आली. तापमान ३९.३. सोबतचा माणूस स्ट्रेचर घेऊन आला, "उचलू द्या मॅडम, वेळ जाऊन रायला." मी म्हटलं, तीन मिनिटं द्या. त्याला तारेचा आकडा दाखवला. तो समजूतदार निघाला, स्वतः पाणी हलवायला बसला.

७:१२ ला ३८.८. मुलगा थरथरायला लागला होता आणि "सर, माझा टाइम किती आला?" असं विचारत होता. सरांना उत्तर देता आलं नाही.

चिठ्ठी त्याच्यासोबत गेली: किती वाजता पडला, पहिलं तापमान, किती मिनिटं पाण्यात, शेवटचं तापमान, काय दिलं आणि काय दिलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि उत्तर कागदावर होतं. नाहीतर दवाखान्यात पोचेपर्यंत उतरलेलं तापमान पाहून साधी चक्कर समजली जाण्याची शक्यता असते. रक्तातली स्नायूंची एन्झाइमं वाढलेली होती, किडनी सुरक्षित होती. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

नंतर सापडलेलं

मी त्याच्याजवळ बसून सगळं विचारलं तेव्हा एकेक धागा हाती लागला. लग्नात रात्री जागरणं. परत आल्यावर दोन दिवस अंगात कणकण आणि सर्दी, म्हणून मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी. अशा अनेक गोळ्यांमुळे घाम कमी येतो आणि झोप येते. आदल्या रात्री केटररकडे दोन वाजेपर्यंत काम. सकाळी चहा-बिस्किट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बारा दिवस सावलीत. उन्हात धावायची सवय अंगात भिनायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं. ही कमाई बसून राहिलं की फार लवकर ओसरते. मे महिन्यात तो ४४ अंशांत धावला होता म्हणून जूनमध्येही तयार आहे, असं आम्ही धरून चाललो. तो लग्नाला गेला तो नव्या मुलासारखाच परतला होता.

आमच्या वहीत रोज वजन, झोपेचे तास आणि दुखणं लिहिलं जातं. त्यानं सोमवारी झोपेसमोर '४' लिहिलं होतं, मंगळवारी '४', बुधवारी '३'. वही माझ्या बॅगेत होती. मी सोमवारपासून उघडली नव्हती. मे संपला म्हणून मीही सैल झाले होते. नुसती नोंद करून काही वाचत नाही. ती धावेच्या आधी वाचावी लागते. आता साडेपाचला वही वाचल्याशिवाय कुणी पहिली फेरी सुरू करत नाही.

या प्रकरणाकडे बघून लोक ताडपत्रीचं कौतुक करतात. मला स्वतःला ती मुलगी पळत आली तो क्षण जास्त मोलाचा वाटतो. तिनं चार मिनिटं आधी सांगितलं होतं. तिच्याकडून आलेली खबर पुढे सरकली नाही ती माझ्या आणि सरांच्या बोलण्यात.

परतीची धाव

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील गावाहून आले. पेरणीचे दिवस, बियाणं घरात पडलेलं. दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी मला एकच विचारलं, "मॅडम, हा आता भरतीत धावन का? खरं सांगजा."

मी म्हटलं, धावेल, पण मी सांगेन तेव्हा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंग ठीक. मी आज रातच्या गाडीनं जातो, पानी येऊन रायलं."

पहिला आठवडा काहीच नाही. मग रक्ताचे अहवाल पुन्हा केले आणि सामान्य आल्यावर सुरुवात झाली ती पंख्याखाली, सायकलवर, दहा मिनिटांनी. मग सकाळी चालणं. मग हलकी धाव, प्रत्येक वेळी आधी आणि नंतर वजन. तो रोज विचारायचा की १६०० कधी. त्याच्या खोलीतल्या तिघांना मी बोलावून सांगितलं की याला एकट्याला धावायला जाऊ देऊ नका. भरतीच्या धाकानं पोरं चोरून धावतात, आणि त्याला धाक दाखवून ते थांबलं नसतं. केटररच्या कामाऐवजी सरांनी त्याला एका ओळखीच्या दुकानात दुपारचं काम मिळवून दिलं. हे माझ्या कामाच्या यादीत कुठे बसतं मला माहीत नाही, पण त्याची झोप सहा तासांवर गेली ती त्यामुळेच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो पूर्ण १६०० मीटर धावला. त्या दिवशी थर्माकोलच्या खोक्यात पूर्ण लादी होती, सरांनी स्वतः आणलेली.

वहीत आता एक नवा रकाना आहे, सरांच्या अक्षरात: 'गावी किती दिवस होता'. पाच दिवसांहून जास्त असतील तर पहिला आठवडा निम्मं अंतर. यावर आमचं एकमत झालंय. एका गोष्टीवर अजून नाही. मी तीनच सकाळी असते. बाकीच्या दिवशी धाव थांबवायचा अधिकार त्या कप्तान मुलीला द्यावा असं माझं म्हणणं आहे. तिला खुणा कळतात, पोरं तिचं ऐकतात. सर म्हणतात, एकोणीस वर्षांच्या पोरीवर एवढा भार टाकायचा नाही, मी आहे ना. मी त्यांना त्या चार मिनिटांची आठवण करून दिली नाही. रविवारी पुन्हा बसणार आहोत, आणि या वेळी तिलाही बोलावलंय.